गुरुवारचा गप

२९ सप्टेंबर, सोमवार
शेवटी बरोबर कोण होतं हे लोक विसरतात, म्हणून लिहून ठेवते. आज झुलहुमोर मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. आमच्या शिलाई कारखान्याच्या मालकीण. वय माझ्या लेकीएवढं, नखं अशी की सुई धरता यायची नाही. ओपा, म्हणजे ताई, म्हणायची रीत तेवढी पाळतात. म्हणाल्या, तुर्सुनोय ओपा, तुमच्या हाताखाली बायका टिकत नाहीत. घरी कशा आळीपाळीने जमून गप भरवतात, खातात-पितात, मनातलं बोलतात, तसा गप दर गुरुवारी चारला इथे भरवा. तुम्हीच जाहीर करा, तुम्हीच चालवा. महिनाभरात बायका आपणहून तुमच्याशी बोलायला लागल्या नाहीत, तर सुपरवायझर दुसरी बघू.
दुसरी बघू हे गमतीत. एवढं मोठं काम मलाच दिलं, त्यातच सगळं आलं.

३० सप्टेंबर
माइकवरून जाहीर केलं. मशिनी चालूच ठेवल्या, उगाच खोळंबा कशाला. म्हटलं, गुरुवारपासून सगळ्यांनी मोकळेपणाने बोलायचं. हजेरी लागेल. जी बोलणार नाही तिचं नाव मॅडमकडे जाईल. पगार, घरचं रडगाणं आणि मी, हे तीन विषय सोडून काहीही बोला.
कोणी चूं केलं नाही. पटलं की माणसं अशीच गप्प ऐकतात.
कापडकटाईवरच्या मावजुदाला विचारलं, कसं वाटलं? म्हणाली, गप योक, ओपा. म्हणजे काही बोलायलाच नको, झकास! आणि हे त्या फटकळ बाईच्या तोंडून.

२ ऑक्टोबर, गुरुवार
पहिला गप. चहा मीच ओतला. पियाले काठोकाठ भरले, सारखं सारखं कोण उठणार. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, उभ्या उभ्या प्यायल्या आणि निघाल्या. बाह्या शिवणारी होशियात हळूच म्हणाली, ओपा, काठोकाठ पियाला म्हणजे उठा आता, असं असतं ना? म्हटलं, ते पाहुण्यांना. तुम्ही कामगार आहात.
दहा मिनिटांत आटपलं. मॅडमना सांगितलं, उत्तम झालं, वेळही वाचला.

९ ऑक्टोबर, गुरुवार
सकाळी मावजुदाला विचारलं, तयारी कशी काय? गप योक, ओपा. मग मशिनीमशिनीपाशी जाऊन तेच सांगत फिरली. गप योक, गप योक. मी ऐकत होते. ऊर भरून आला.
चारला कँटीनमध्ये मी आणि खिम्याच्या सोमशांचं ताट. दुसरं कोणी नाही. वॉचमनला विचारलं तर म्हणतो, बायका केव्हाच गेल्या की, आज गप नाही असं मावजुदानेच सांगितलं.
खरंच, गप योकचा तसाही अर्थ होतो. भाषेचा दोष. माझा नाही.
सोमसे थोडे मी खाल्ले, बाकी वॉचमनने.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
आज कँटीनला आतून कडी घातली. कोणी हलेना. होशियातला म्हटलं, हं, बोल काहीतरी मनातलं. मग म्हणाली, ओपा, माझी आई गेली तेव्हा तुम्ही अर्ध्याच दिवसाची सुट्टी दिलीत. आईला नेलं तेव्हा मी इथे बाह्या शिवत होते.
म्हटलं, दिली ना पण अर्धा दिवस? किती जणी असं लक्षात ठेवतात!
दोघीतिघी रडल्या. मावजुदा उठली, कडी काढली, सगळ्या गेल्या. खरं तर विषय बंदीतला होता, तरी मी बोलू दिलं. यालाच मॅडम मनमोकळं म्हणत असणार. मस्त झालं.
घरी जेवण गेलं नाही. कँटीनचं तेल खराब असावं.

२१ ऑक्टोबर
ठरवलं, महिना संपेपर्यंत ओरडायचं नाही. दुपारपर्यंत पाळलं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार
गप झाला नाही, माल पाठवायची घाई. जेवणाच्या सुट्टीत माझा डबा घेऊन बायकांच्या टेबलावर गेले. सगळ्यांचं जेवण एकदमच आटोपलं. जाता जाता कानावर आलं, रविवारी होशियातच्या घरी गप आहे. म्हटलं, मला नाही बोलावलंत? मावजुदा म्हणाली, ओपा, तिथे हजेरी लागत नाही.
म्हणजे शिस्त नाही. बरं झालं नाही बोलावलं.
रविवारी तसंही मला धुणं असतं.

३० ऑक्टोबर, गुरुवार
मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, महिन्याभरात ओपांशी आपणहून कोण बोललं? मशिनी बंद होत्या. एवढी शांतता मी इतक्या वर्षांत करून दाखवली नव्हती. मी होशियातकडे पाहिलं. तिने कात्रीकडे.
उद्यापासून सुपरवायझर होशियात. मी बटणांच्या गोदामात. स्वतंत्र खोली, किल्ली माझ्याच हातात. बढतीच म्हणायची.

६ नोव्हेंबर, गुरुवार
गोदाम कँटीनला लागून. मधे नुसती फळ्यांची भिंत. चार वाजता पलीकडे खुर्च्या सरकल्या. कोणीतरी नवऱ्याची नक्कल केली, मावजुदाच असणार, आणि मग अशा हसल्या! कोणी हुकूम दिला नव्हता. शब्द नीट कळेनात म्हणून पेटी ओढून भिंतीशी बसले. बराच वेळ बसले. एक गोष्ट मलाही सांगण्यासारखी आठवली, माझ्या सासूची.
मग उगाचच भिंतीवर मूठ आपटली. एकदम चिडीचूप. अजून वचक आहे माझा.
थोड्या वेळाने खुर्च्या उचलल्याचा आवाज आला. लांबच्या कोपऱ्यात नेल्या असाव्यात. भिंतीला कान लावून पाहिला. काही ऐकू येत नाही.