आपल्या घरातला हेवीवेट

अण्णा,

तो विषय तुम्ही बंद केला होतात, मी आज उघडणार आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुम्ही गेलात त्या वयाला पोचायला मला आता दोनच वर्षं उरली आहेत. ज्याच्यावरून आपलं भांडण झालं तो तुमचा नातू चाळिशी ओलांडून गुडघ्यांना बर्फ लावत बसतो. त्या उन्हाळ्यात काय काय झालं ते मला एकदा जसंच्या तसं सांगायचं आहे. मी बोलेन आणि तुम्ही ऐकायचं. हे हयातीत मी तुम्हाला कधी म्हटलं नसतं.

आई गेल्यानंतरच्या मे महिन्यात तुम्ही अमेरिकेत, पिस्कॅटवेला आमच्याकडे आलात. सहा महिन्यांचा व्हिसा, एक बॅग, आणि बॅगेत निम्मे केळ्याचे वेफर्स. विमानतळाबाहेर मुलगा नमस्कार करायला वाकला, तर आशीर्वाद द्यायच्या आधी तुम्ही त्याचं मनगट धरलंत आणि रेल्वेच्या लोको शेडमध्ये एखादा पार्ट हातात घेऊन बघावा तसं ते फिरवून बघितलंत. तो सोळा वर्षांचा होता, सहा फूट दोन इंच उंच आणि पंच्याण्णव किलो वजनाचा. आपल्या दोन्ही घराण्यांत कोणी त्याच्या कानापर्यंतही पोचलेलं नव्हतं. हे म्हणायचे, सगळी इथल्या दुधाची करामत. तुम्ही स्वतः एक्कावन्न किलोचे, रेल्वेकडून फ्लायवेटमध्ये खेळलेले, निवृत्तीपर्यंत भुसावळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमागे पोरांना बॉक्सिंग शिकवणारे. आणि त्या सगळ्या वर्षांत एकही खराखुरा हेवीवेट तुमच्या हाताखाली आला नाही. आपली हाडं सत्तर किलोला थांबतात, असं तुम्ही आम्हाला जेवताना सांगायचात. गाडीत त्याच्याशेजारी बसलात आणि मला विचारलंत, "पोरी, हे हाड आपल्याकडे आलं कुठून?"

मग स्वयंपाकघरातली ती सकाळ. मी वरच्या फळीवरून लोणच्याची बरणी काढताना ती हातातून सुटते, आणि टेबलाशी सिरियल खात बसलेला मुलगा वर न बघता डावा हात पुढे करून ती धरतो, खाली ठेवतो आणि पुढचा घास घेतो. मला आधी हायसं वाटतं, कारण लोणचं आईच्या हातचं, शेवटचं. तुम्ही मात्र चहाची बशी खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहता. हे शिकवून येत नाही, एवढंच म्हणता. त्याच आठवड्यात तुम्ही नदीपलीकडच्या गावात एका चर्चच्या तळघरातली बॉक्सिंगची जागा शोधून काढलीत. इंग्रजी जेमतेम, रस्ते अनोळखी, तरी दोन बस बदलून तुम्ही तिथे पोचलात. तिथले म्हातारे कृष्णवर्णीय कोच, एक डोळा अर्धा मिटलेला, त्यांना तुम्ही पहिल्या दिवसापासून मास्तर म्हणायला लागलात, आणि तेही त्या नावाला ओ द्यायला लागले.

मास्तरांची तक्रार तुम्ही रोज जेवताना आम्हाला ऐकवायचात. बारीक पोरं खूप येतात, मधल्या वजनाची येतात, मोठी येत नाहीत. सहा फुटांच्या वरचा पोरगा दारात दिसला, की मास्तर आधी त्याच्या मागे बघतात, कुठला बास्केटबॉलचा कोच त्याला परत न्यायला आलाय का म्हणून. ह्या देशात एवढी मोठी माणसं, दूध आहे, मांस आहे, मोकळी मैदानं आहेत, आणि जगातला सगळ्यात मोठा खेळ खेळायला कोणी नाही, हे तुम्हाला झोंबलं. तुम्ही छडा लावायचं ठरवलंत. ऑगस्टमध्ये हायस्कूलच्या मैदानावर फुटबॉलचा सराव सुरू झाला, त्यांचा फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन एकमेकांवर आदळायचं ते. तिथल्या जाळीशी तुम्ही रोज संध्याकाळी उभे, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, कॅनव्हासचे बूट, आणि पाणी प्यायला येणाऱ्या प्रत्येक आडदांड पोराला एकच प्रश्न, "व्हाय नो बॉक्सिंग?" पोरं तुम्हाला पॉप्स म्हणायची. त्यांना तुमची गंमत वाटायची, पण उत्तरं खरी द्यायची. एक म्हणाला, इथे शाळेची बस नेते आणि आणते, तिथे मला कोण नेणार? एकाने सांगितलं, चांगलं खेळलो तर कॉलेज फुकट होईल, बॉक्सिंगला कुठलं कॉलेज विचारतं? एकाला बघायला शुक्रवारी सगळं गाव येतं, बँड वाजतो. एकाची आई नाही म्हणते. आणि एक सगळ्यात दांडगा होता, त्याने बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतत तुम्हाला सांगितलं, मार खायला माझी हरकत नाही, पण एकट्याने नाही. ते सांगताना तुम्ही ताटावर हसलात. "एकट्याने नाही म्हणे. मग काय वरातीने मार खायचा?" आम्हीही हसलो. मुलगा हसला नाही, ते मला नंतर आठवलं.

कारण तो स्वतः दोन्हीकडे जात होता. संध्याकाळी शाळेच्या फुटबॉलला, आणि शनिवार-रविवारी तुमच्याबरोबर तळघरात. तुम्ही त्याच्या हाताला पट्टी बांधायचात ते मी एकदा पाहिलं. तो स्टुलावर बसलेला, तुम्ही उभे, तरी दोघांची डोकी एका उंचीवर. तुमच्या तोंडून सूचनांचा पट्टा चालू, भुसावळच्या मराठीत, आणि तो "हो आजोबा, हो आजोबा" म्हणतोय. एरवी आमच्याशी इंग्रजीशिवाय बोलेल तर शपथ. आई गेल्यानंतर तुम्ही तसे हसताना मला तिथेच दिसलात. म्हणून सप्टेंबरात मास्तरांनी हौशी स्पर्धेचा फॉर्म दिला आणि पालकांची सही लागेल म्हणाले, तेव्हा ह्यांनी डोक्याला मार लागला तर काय, असं विचारलं, तरी मी पेन उचललं. हो अण्णा, मी सही केली होती. तुम्हाला ते कधी कळलं नाही.

सही केली तो शनिवार. त्याच दिवशी दुपारी मास्तरांनी दुसऱ्या गावाहून त्याच्या वजनाचा एक जण सरावासाठी बोलावला होता, बाविशीतला. घरी आलात ते तुम्ही उड्या मारतच. दुसऱ्या फेरीत डावा असा बसला की तो गडी खालीच बसला, हे तुम्ही मला तीनदा करून दाखवलंत आणि स्वतः कढई चढवून शिरा केलात. मुलाने दोनदा मागून शिरा खाल्ला. दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन सामान आणायला गेले. दुकानाबाहेर गाडी लावली तरी तो उतरेना. समोरच्या काचेकडे बघत म्हणाला, "मॉम, आय डोन्ट वॉन्ट टू डू इट."

मग त्याने सांगितलं. तो बाविशीतला मुलगा उठला, ग्लोव्हज काढले, बॅग खांद्याला लावली आणि ह्यालाच विचारलं, दार कुठल्या बाजूला आहे? ह्याने दाखवलं. तो चार पावलं गेला, परत आला आणि पुन्हा तेच विचारलं, पहिल्यांदाच विचारत असल्यासारखं. आणि त्या वेळी तुम्ही रिंगच्या कडेवर दोन्ही तळहातांनी ढोल वाजवत होतात. मला मार लागेल ह्याची भीती नाही, म्हणाला, माझ्या हाताने तसं होतं आणि आजोबांना त्याचा इतका आनंद होतो, हे मला सहन होत नाही. फुटबॉलमध्ये तो पुढच्या रांगेत असायचा. ज्याच्या हातात चेंडू आहे त्याला कोणी शिवू नये म्हणून भिंत करून उभं राहायचं, एवढंच त्याचं काम. ते मला आवडतं, म्हणाला. मी त्याला म्हटलं, हे सगळं आजोबांना सांग, ते ऐकतील. त्यावर तो मराठीत बोलला. "तू नाही म्हणालीस असं सांग ना, आई. तुझ्यावर ते रागावतील. पण माझ्याकडे बघताना त्यांचा चेहरा तसाच राहील."

मी फॉर्म पर्समधून काढला, फाडला, आणि आम्ही सामान घेऊन घरी आलो. रात्री जेवताना मी सांगितलं, की मी सही करणार नाही. तुम्ही आधी ऐकू न आल्यासारखं केलंत. मग म्हणालात, "तू? बॉक्सरची पोर?" मी म्हटलं, हो, मी.

पुढचे सहा आठवडे तुम्ही मला सोडलं नाहीत. सकाळी डबा भरताना, संध्याकाळी मी पानं मांडताना. एवढ्याने भागेना तेव्हा मी काम करायचे त्या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत यायला लागलात. माझ्या काउंटरसमोर उभं राहून तुम्ही कुजबुजत भांडायचात, मी कुजबुजत उत्तर द्यायचे, आणि माझी अमेरिकन सहकारी मला नंतर विचारायची, तुझे वडील इतक्या प्रेमाने रोज काय सांगतात? एकदा तुम्ही संदर्भग्रंथांतला जाडजूड खंड उघडून माझ्यापुढे ठेवलात, सगळ्या विजेत्यांचे फोटो. ह्यातला एक तरी कुणाची परवानगी मागत बसला असेल का? मी म्हटलं, ह्यांतल्या किती जणांना म्हातारपणी आपलं नाव नीट सांगता येत होतं, तेही ह्यात छापलंय का बघा. तुम्ही म्हणालात, हा देश आपल्याला कारकून म्हणून ओळखतो, डॉक्टर म्हणून ओळखतो, ह्या पोराला रिंगमध्ये बघितल्यावर कोणी विचारणार नाही तू कुठून आलास. हे वाक्य मी रात्रभर मनात घोळवलं, अण्णा. त्यात तुम्ही अगदीच चूक नव्हतात. पण दुसऱ्या दिवशी मी तुमच्याच जाळीपाशी गोळा केलेली उत्तरं तुमच्यावर उलटवली. बस नाही, कॉलेज नाही, बँड नाही, सोबत नाही. ती पोरं मूर्ख नाहीत, त्यांनी नीट बघून निवड केली आहे. तुम्ही मला मदर सुपीरियर म्हणालात, कॉन्व्हेंटात घातलं हीच माझी चूक म्हणालात. आणि एके संध्याकाळी, मी भाजी चिरत असताना, शांतपणे म्हणालात, "तू भित्री निघालीस." मी भाजी चिरत राहिले. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी ते सांगितलं नाही, कारण शब्द दिला होता, आणि तो शब्द मी पाळणार होते.

ऑक्टोबरमधल्या एका शुक्रवारी तुम्ही सामना बघायला आलात, फक्त माझ्या आग्रहाला कंटाळून. गुडघ्यांवर ब्लँकेट, चेहऱ्यावर उपास. बऱ्याच वेळाने विचारलंत, आपल्याला चेंडू कधी मिळणार? मी म्हटलं, त्याला कधीच मिळत नाही. मग हा करतो काय? मागच्याला शिवू देत नाही. तुम्ही पुढे झुकून बघत बसलात. समोरून येणारे दोघे त्याच्यावर आदळले, तो मागे सरकला, पण पडला नाही. "पाय बरोबर ठेवतो," तुम्ही म्हणालात, मला नाही, स्वतःशी. टाळी वाजवली नाहीत.

त्यानंतर दोन आठवड्यांनी तुम्ही परत गेलात. थंडी सोसत नाही हे कारण सगळ्यांना सांगितलंत. तुमची पत्रं ह्यांच्या नावे यायची, त्यांत माझ्यासाठी आशीर्वाद आणि मुलासाठी पानभर मजकूर. दीड वर्षाने तुमचे शेजारी काका फोनवर होते आणि मला त्यांचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून मी ते तीनदा वदवून घेतलं.

मी जिंकले असं म्हणायला हे लिहीत नाही. आता इथे रोज वर्तमानपत्रात येतं, की फुटबॉलमध्येही डोकी हादरतात, हेल्मेटच्या आत काय होतं ते कुणाला दिसत नव्हतं. वाचताना मला तुमचा आवाज ऐकू येतो, वरातीने मार खायचा वगैरे. मुलगा कॉलेजात पहिली दोन वर्षं खेळला आणि सोडून दिलं. तो ठीक आहे, मी लक्ष ठेवून आहे. पण पुन्हा तो दिवस आला, तरी मी तो फॉर्म फाडेन. त्याच्या हातांनी काय करायचं हे ठरवायचा हक्क त्याचा होता, तुमचा नव्हता, माझ्या सहीचाही नव्हता. हे मी तुम्हाला तोंडावर सांगायला हवं होतं. तुम्ही ऐकलं असतंत, असं मला आता वाटतं.

हे पत्र कुठे जाणार नाही. पोचण्याची सोय असती तरी मी पाठवलं नसतं, कारण आतापर्यंत लिहिलं त्यात मी फार गुणी दिसते आणि एक गोष्ट राहिली आहे. इन्स्टिट्यूटमागे तुम्ही पोरांना शिकवायचात तेव्हा मी शाळेचं दप्तर घेऊन खिडकीशी उभी असायचे. गल्लीतल्या प्रत्येक पोराला तुम्ही समोर उभं केलंत, मला कधी नाही. त्या सहा आठवड्यांत तुम्ही रोज माझ्यासमोर उभे राहिलात, पूर्ण जोर लावून, आणि मी हलले नाही. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाने मला सांगितलं होतं, आई, आता सांगितलंस तरी चालेल, ते समजून घेतील. तुम्ही जायला अजून तेरा दिवस होते. मी सांगितलं नाही. मला ते भांडण संपायला नको होतं.