दार ओढून घेणारं तिकीट

ती. आत्यास,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? (उतरतानाच दुखतो म्हणालीस, मग वरच राहा.) माझी तब्येत उत्तम, फक्त छाती फुगल्यामुळे शर्ट घट्ट होतो आहे. दर पत्रात तू 'लग्नाचं काय?' विचारतेस. तेही यातच येईल, पण आधी माझा पराक्रम ऐक.

प्राणिसंग्रहालयाच्या तिकिटांची वेबसाइट आमच्याकडे आहे. तिचं पान सुट्या भागांचं बनतं: एक भाग तिकीट मांडतो, एक नकाशा, एक वेळापत्रक. आमचा तिकिटाचा भाग भलताच उत्साही. तिकीट लिहायचा, स्वतःच गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर नेऊन द्यायचा आणि वर 'संपलं' म्हणून पान बंद करायचा. आचाऱ्यानं पहिलं ताट स्वतः वाढावं आणि येताना हॉटेलचं शटर ओढावं, तसं. नकाशा मागे ताटकळत राही आणि लोक सिंह शोधत पार्किंगमध्ये फिरत. पुढे तेच तिकीट ईमेलनंही पाठवायचं ठरलं, तर या पठ्ठ्यानं सवयीनं ते स्क्रीनकडेच नेलं. ईमेल कोरे गेले.

हे हुडकलं आमच्या चाचणीवालीनं. (आमच्या चुका शोधायचा तिला पगार मिळतो, फुकटातही शोधेल.) टेबलापाशी येऊन शांतपणे म्हणाली, "तुमच्या तिकिटाला घरात बसवत नाही का?" झोंबलं, पण पटलं. मी त्या भागाचे पायच कापले. आता तो फक्त मजकूर तयार करून हातात देतो. तो कुठे जायचा, कशानं जायचा, 'संपलं' कधी म्हणायचं, हे दारावरचा वेगळा भाग बघतो. कापाकापीच्या भरात 'हे वेबपान आहे' असं स्क्रीनला सांगणारी चिठ्ठीही मी उडवली, तेव्हा लोकांना तिकिटाऐवजी त्याची आतली हाडं, म्हणजे कोडच्या खुणा, दिसली. चाचणीवाली पुन्हा आली. चिठ्ठी मी दाराकडे सोपवली. आता एकच मजकूर स्क्रीनवर जातो, ईमेलनं जातो, कागदावरही छापला जातो, आणि त्याला पत्ताच नसतो. साहेबांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. मला अभिमान वाटतो आहे आणि मी तो लपवणार नाही.

तुझा,
भाचा

ता. क. : लग्नाचं राहिलंच. मुलगी म्हणजे ती चाचणीवालीच. मागणीचा मजकूर मी तयार केला आहे. तो पोचवायचं काम तुझं. (तिच्यापुढे माझी बोबडी वळते.)

आणखी ता. क. : पत्र टेबलावर राहिलं आणि तिनं वाचलं. आधी शुद्धलेखनाच्या चुका काढल्या, मग म्हणाली, "मी दोन हातांच्या अंतरावर बसते. आत्याबाईंना कशाला दमवताय?" शेवटी मीच विचारलं. हो म्हणाली. बाबांना मात्र तूच सांग.