मिनाकोने सुचवलेली मालिका

चि. सोसुके, तोक्योहून ताईचे अनेक आशीर्वाद.

मी मजेत आहे. आईने पाठवलेलं मुळ्याचं लोणचं पोचलं. तुझा खोकला गेला का?

रविवारी आमच्या अ‍ॅनिमेवेड्यांचा मेळावा होता. फारसं कुणी न पाहिलेल्या मालिका तिथे एकमेकांना सुचवायच्या असतात. मी ‘दीपगृहातली मांजर’ सुचवणार होते. तू इस्पितळात असताना आपण एकाच उशीवर डोकी टेकवून पाहिलेली तीच. हे मी फक्त मिनाकोला, माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला, सांगितलं होतं.

ती माझ्याआधी उठली आणि तीच मालिका सांगू लागली. इस्पितळ तिचं, उशीही तिचीच! वर डोळे पुसत म्हणाली, “शेवटचा भाग बघायला माझा भाऊ उरला नाही.”

सगळे रडले.

मी तिला बाहेर गाठलं. “मिनाको, तुला भाऊच नाही!”

“अगं, मालिका लोकांपर्यंत पोचली ना? तू सांगितलं असतंस तर कुणी ऐकलं असतं का?”

मी खोली बदलतेय. आईला सांग, जुनी लहान पडत होती.

आता सगळे ती मालिका बघताहेत आणि तिच्या भावासाठी हळहळताहेत. तू एकदा फोन कर रे. काही बोलू नकोस हवं तर, नुसता खोक.

तुझीच,
चिझुरूताई