पूर्व टोकाचे शेत

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, धंदा विमान उडवायला शिकवणे, हे मृत्युपत्र शुद्धीत, चष्मा लावून आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. मी रागात आहे. राग म्हणजे वेड नव्हे, असे डॉक्टरांनी तपासून लिहून दिले आहे. तो कागद सोबत जोडला आहे. माणसांची पूर्ण नावे नोंदणीच्या पानावर आहेत. इथे मी त्यांना ज्या नावाने हाक मारते तेच लिहिणार. विद्यार्थी मला पाठीमागे 'भोंगा' म्हणतात, हेही मला ठाऊक आहे. याआधीची दोन मृत्युपत्रे मी भावाच्या चांगुलपणावर विश्वास ठेवून केली होती. ती दोन्ही रद्द.

१. हँगरमागच्या माझ्या दोन खोल्या मेकॅनिकला द्याव्यात. चाळीस वर्षांत त्याच्या हाताखालून गेलेले एकही इंजिन हवेत बंद पडले नाही, आणि तेवढ्या काळात तो माझ्याशी जेमतेम शंभर वाक्ये बोलला असेल. हत्यारांची लाल पेटीही त्याचीच. तिच्यातला दहा नंबरचा पाना भावाने मोटारीसाठी नेला, तो अजून आलेला नाही. तो आणून द्यावा. ही विनंती नव्हे.

२. दोन सीटचे शिकाऊ विमान मास्तरला. तो माझ्याच हाताखाली शिकला आणि आता शिकवतो. बँकेत जे काही असेल ते विमानाच्या पेट्रोलला. अट एकच, विमान उडत राहिले पाहिजे. भावाच्या नकाशात ते नव्या लाउंजच्या छताला टांगलेले आहे, दिव्यांसकट. खाली जेटची वाट पाहणारे साहेब लोक कॉफी पिणार आणि वर बघून म्हणणार, किती गोड! ज्या विमानाने दोनशे अकरा जणांना उडायला शिकवले, ते झुंबर नव्हे. कुणी टांगलेच, तर शेजारी भावालाही टांगावे. वकीलबाई म्हणतात हे वाक्य कायद्यात बसत नाही. तरी राहू दे.

३. धाकटा भाऊ. वडिलांनी धावपट्टी त्याला दिली आणि तिच्या पूर्व टोकाचे शेत मला. तो मुलगा म्हणून त्याला धावपट्टी, आणि विमान उडवता येत होते ते मला! तेव्हा मी गप्प बसले, ही माझी चूक.

पट्टी नऊशे मीटरची आहे. शिकाऊ विमानाला पुरून उरते, जेटला पुरत नाही. जेट हवी असतील तर पट्टी माझ्या शेतातून पुढे न्यावी लागेल. मागच्या वर्षी भावाने एक सल्लागार आणला. हँगरमध्ये पडदा लावून त्याने चित्रे दाखवली आणि मला म्हणाला, "मॅडम, तुमची पोरं दिवसभर घिरट्या घालतात. उतरतात, की लगेच पुन्हा उडतात. आमच्या पाहुण्यांना तोवर वरच ताटकळत ठेवायचं का?"

"शिकणं म्हणजे तेच असतं," मी म्हटले. "उतरायचं आणि पुन्हा उडायचं."

भाऊ म्हणाला, "ताई, तू जरा खाली बस बघू."

जिथे मी चार दशके उभी राहून शिकवले, तिथे मला खाली बसवले. महिन्याभरात माझ्या शाळेला पट्टीवर फक्त मंगळवार आणि गुरुवारची सकाळ उरली. ज्या भिंतीवर प्रत्येक विद्यार्थी आपल्या पहिल्या एकट्या उड्डाणाची तारीख लिहीत असे, ती पांढरी रंगवली गेली. मला कुणी विचारले नाही.

भावाला मी खांबावरची, वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी देते. वारा कुठला, हे त्याला जन्मभर पिशवीशिवायच कळत आले आहे, तरी असू दे.

४. शेत. ज्याच्या हाती शेत, त्याच्या हाती निर्णय. विकले तर जेट येतील आणि शाळा जाईल. राखले तर शाळा तगेल, निदान काही वर्षे.

शेत मी माझ्या मुलीला देते. ती भावाच्या ऑफिसात काम करते आणि लाउंज तीच सांभाळणार आहे. परवा मला म्हणाली, "आई, यंदा तुझ्याकडे चार विद्यार्थी आहेत. पट्टीला तडे गेलेत. जेट आली तर डांबर तरी पडेल. तू नुसती ओरडतेस." मी तिच्यावर ओरडले. म्हणजे तिचेच खरे झाले.

वकीलबाईंनी अट सुचवली की जेटसाठी शेत विकता येणार नाही. मी ती आनंदाने लिहून घेतली, जरा जास्तच आनंदाने. रात्रभर ठेवून सकाळी वाचली, आणि मला एक जुनी सकाळ आठवली. ती इथे लिहिणे भाग आहे.

मुलगी एकोणीस वर्षांची होती. तिचे विमान उतरवणे माझ्यापेक्षा हलके होते. पहिल्या एकट्या उड्डाणाची रीत अशी, की शिक्षक इंजिन चालू असतानाच विमानातून उतरतो, आपल्या रिकाम्या सीटचा पट्टा नीट बांधतो, दार लावतो आणि काही न बोलता बाजूला होतो. तोवर शंभराहून जास्त परक्या पोरांसाठी मी उतरले होते. त्या दिवशी माझा हात दाराच्या कडीवर होता. मी म्हटले, "आज नको. आडवा वारा आहे."

तिने पिशवीकडे पाहिले. पिशवी खांबाला चिकटून लोंबत होती.

"आई, वारा नाहीये," ती म्हणाली.

मी उतरले नाही. दुसऱ्या दिवसापासून ती शिकायला आली नाही. तेवीस वर्षे झाली. या विमानतळावर मी जितका राग काढला, त्यातला बराचसा माझा माझ्यावरच होता.

म्हणून अट मी माझ्या हाताने खोडली आहे आणि शेजारी सही केली आहे. शेत तिचे, बिनअट. ती विकेल असे मला वाटते, आणि त्याचा आत्ताही संताप येतो. तरी आता माझ्याकडून सूचना नाही.

कलम ३ मधली पिशवी भावाला देण्याचे रद्द. वाऱ्यावरून त्याला टोमणा मारायचे तोंड मला नाही. पिशवी खांबावरच राहावी. पाना मात्र आणून द्यावा.

पट्टा बांधला आहे. दार लावले आहे. मी उतरले.

लिहून देणार: सही (भोंगा)

साक्षीदार, ज्यांना यातले काहीही मिळणार नाही:
१. डॉक्टर, सही
२. रेडिओच्या खोलीतले काका, सही. ते म्हणाले, "भिंत पुन्हा खरवडली तर तारखा सापडतील." तेही इथे नोंदवले.

ठिकाण: पट्टीचे पूर्व टोक, शेताचा बांध.
तारीख: ९ मार्च, सकाळचे सव्वाआठ.
वारा: नाही.