पाणी वर गेल्यावर

बाबा, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहावीशी वाटली नाही, आणि आज लिहिते आहे तीसुद्धा प्रेमानं नाही, हे आधीच सांगून टाकते. समोर टेबलावर एक फॉर्म पडलाय. येत्या सप्टेंबरमध्ये मी किर्गिझस्तानला जाणार आहे, तुम्ही मला नेलं होतंत त्याच खोऱ्यात, आयबेक्सच्या शिकारीला. मागे वळलेल्या लांब शिंगांचा तो रानबोकड, ज्याचा फोटो तुम्ही वर्षभर फ्रिजवर लावून ठेवला होतात. शिकारीला नेणाऱ्या कंपनीनं फॉर्मवर विचारलंय, यापूर्वी उंचीचा, म्हणजे विरळ हवेचा, त्रास झाला आहे का? हो आणि नाही, असे दोन चौकोन. काल फोनवर आईला सहज बोलले तर ती म्हणाली, "हो म्हणून लिही हं. खोटं लिहू नकोस. तुला उंची लागते. तुझ्यामुळे ह्यांचा डोंगर सुटला." एक्क्याऐंशी वर्षांची आहे, सकाळची गोळी घेतली की नाही ते विसरते, पण हे विसरत नाही. फोन ठेवल्यावर अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हणून ठरवलं, सगळं लिहून काढायचं, रविवारी ग्लासगोला जायचं आणि तिच्यासमोर बसून मोठ्यानं वाचून दाखवायचं. तुम्ही तर काही ऐकणार नाही. निदान तिनं ऐकावं.

तुम्ही भूलतज्ज्ञ. दिवसभर लोकांचा श्वास तुमच्या हातात. पण हॉस्पिटलातून घरी आलात की तुम्ही डॉक्टर उरायचा नाहीत, कोल्हापूरच्या पैलवानाचा मुलगा व्हायचात. दर ऑक्टोबरला स्कॉटिश मित्रांबरोबर हायलँड्समध्ये हरणाच्या शिकारीला जायचात, आणि मी सोळा वर्षांची झाल्यावर मलाही न्यायला लागलात. आई मटण झकास करायची, पण हरीण तिनं कधी स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. त्याला गॅरेजमध्ये वेगळा फ्रीझर आणि वेगळं पातेलं. मी चोविसाची असताना एकदा जेवता जेवता तुम्ही जाहीर केलंत, "पुढच्या वर्षी आयबेक्स. तू आणि मी. वर्षभर तयारी." येतेस का, असं विचारलं नाहीत. तरी मला इतका आनंद झाला होता की त्या रात्री पान वाढायला उठले ते दोनदा मीठच वाढलं, आणि त्यावरूनही तुम्ही बोललातच.

मग ते वर्ष. आपल्या घरामागं काउन्सिलचा वीस मजली टॉवर ब्लॉक होता. आठवड्यातून तीनदा, तुमची शिफ्ट संपली की त्याचे जिने. पाठीवर सॅक, सॅकमध्ये बासमतीची दहा किलोची पिशवी, तीन महिन्यांनी दोन पिशव्या. वर, खाली, परत वर. सहाव्या मजल्यावरच्या एक म्हाताऱ्या बाई दार उघडून मला दर वेळी सांगायच्या, "अगं पोरी, लिफ्ट चालू आहे!" तुम्ही त्यांना हात करायचात आणि मला म्हणायचात, "मागे बघू नकोस." घरी आल्यावर धापा टाकत हॉलमध्ये पालथं पडायचं, रिकामी रायफल खांद्याला लावायची, अर्धा श्वास सोडायचा आणि छातीच्या दोन ठोक्यांच्या मधे बोट दाबायचं. डोंगरावर बोकड तुझा दम परत यायची वाट बघत नाही, म्हणायचात. हे बरोबर शिकवलंत. राग असला तरी बरोबर ते बरोबर. आणि तो तांदूळ! पाठीवर आपटून आपटून त्याच्या कण्या व्हायच्या. आई परातीत घेऊन बघायची आणि कपाळाला हात लावायची. "एवढा महागाचा तांदूळ जिन्यावरून फिरवून आणलात, आता आंबेमोहोर असता तरी ओळखू आला नसता." वर्षभर आपण कण्यांचा भात खाल्ला.

आणि पाणी नाही. हे आईला माहीत नाही, म्हणून नीट लिहिते. चढ चढताना पाणी प्यायचं नाही, हा तुमचा नियम. आजोबांच्या तालमीतला. घाम आटल्याशिवाय पाणी नाही, पोटात गोळा येतो, दम तुटतो, जिभेची सवय बिघडते, काय काय म्हणायचात. ऑपरेशनच्या प्रत्येक पेशंटला सलाइन लावणारा माणूस तुम्ही! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी म्हटलं, बाबा, पाणी. तुमचं उत्तर ठरलेलं: "वर गेल्यावर." फेब्रुवारीतला तो रविवार मला अजून लख्ख दिसतो. ग्लासगोच्या उत्तरेची ती टेकडी, तिसरी फेरी, वारा तोंडात जातोय आणि जीभ टाळूला चिकटलीये. मी ओढ्याशी वाकते, बाटली भरते, दोन घोट घेते. तुम्ही परत खाली येता, माझ्या हातातून बाटली काढून घेता आणि माझ्या डोळ्यांत बघत सगळं पाणी झुडपांवर ओतता. "माझ्या बापानं पाणी मागणाऱ्या पोराला तालमीच्या दाराबाहेर काढलं होतं. मी नुसतं ओततोय." मी पंचवीस वर्षांची होते हो. नोकरी करत होते. आणि तिथे उभं राहून लहान पोरीसारखी रडले, तर तुम्ही घड्याळ बघितलंत.

जूनमध्ये माझ्या वाढदिवसाला तुम्ही निळी ॲल्युमिनियमची बाटली दिलीत. चांगली, दणकट, दोन लिटरची. म्हणालात, "दोघांचं पाणी तुझ्याकडे. रायफल माझ्याकडे. उघडायची ती वर गेल्यावर." ती बाटली आत्ता माझ्या खिडकीत आहे. इंग्लंडात मी राहते त्या ब्रॅकनेलला डोंगर कुठला! मी ऑफिसच्या चार मजल्यांवर लंचमध्ये सॅक घेऊन चढउतार करते, सॅकमध्ये तांदूळच असतो, दुसरं काही सुचतच नाही. टीममधली पोरं हसतात. शनिवारी एका जिममध्ये हवेतला ऑक्सिजन कमी केलेली खोली आहे, तिथे ट्रेडमिलचा चढ वाढवून तासभर चालते. बोटाला ती छोटी क्लिप लावून रक्तातला ऑक्सिजन बघतात, तुमच्याकडे होती तशीच. तिथली ट्रेनर माझ्या निम्म्या वयाची आहे. "घोट घोट घेत राहा," म्हणते. मी घेते. तहान नसली तरी घेते. तुमच्या नाकावर टिच्चून घेते.

आता मुख्य गोष्ट, आई, नीट ऐक. बाबांना नऊ दिवसांची रजा होती. त्यातला दीड दिवस विमानतळावर रायफलच्या कागदांत गेला. खालच्या तळावर दोन दिवस नुसतं थांबायचं ठरलं होतं, विरळ हवेची शरीराला सवय व्हायला. बाबा, तुम्ही त्यातला एक दिवस कापलात. आपला वाटाड्या तुमच्यापेक्षा वयानं मोठा, सुरकुतलेला, शांत माणूस. त्यानं जमिनीवर हात थोपटून दाखवला, बसा, बसा. तुम्ही माझ्याकडे वळून मराठीत म्हणालात, "पंचवीस वर्षं मी लोकांना ऑक्सिजन देतोय आणि हा मला शिकवतोय!" रोज सकाळी ती क्लिप तुम्ही आधी माझ्या बोटाला लावायचात आणि आकडा मोठ्यानं वाचायचात. मग स्वतःच्या बोटाला लावायचात, बघायचात आणि हात ग्लोव्हमध्ये घालायचात. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी विचारलं नाही. तुम्हाला तुमचा आकडा विचारणारी मी कोण?

पोहोचलो तो दिवस धरून तिसऱ्या दिवशी पहाटे निघालो. वाटाड्या पुढे, तुम्ही मधे, मी मागे. मला दम लागत होता, पण पाय चालत होते. डोकं दुखत नव्हतं. वर्षभर चढलेले ते जिने कामाला येत होते आणि मला मनातून फार बरं वाटत होतं. ऊन वर आलं तशी तुमची चाल बदलली. दगडांच्या उतारावर तुम्ही दोन पावलं टाकायचात, थांबायचात. मग बसलात. तुम्ही चढावर कधी बसत नसायचात. थोड्या वेळानं उठलात, तासभर कसेबसे चाललात आणि वाकून ओकलात. त्याच वेळी वाटाड्यानं हात वर केला. समोरच्या धारेवर सात-आठ आयबेक्स, मधे एक म्हातारा बोकड, शिंगं पाठीला टेकलेली. तुम्ही रायफल घेऊन पालथे झालात. मी तुमच्या शेजारी, दुर्बिणीतून बघतेय. तो हलत नाहीये, आणि तुमच्या रायफलीची नळी गोल गोल फिरतेय. "बाबा, मी मारू?" मी कुजबुजले. तुम्ही काहीतरी बोललात ते शब्द नव्हतेच, नुसती बरळ होती. वाटाड्यानं तुमच्या ओठांकडे बघितलं, मग नखांकडे, आणि खाली बोट दाखवलं. बोकड धारेपलीकडे गेला. माझ्या सॅकबरोबर तुमची सॅक आणि रायफलही मी घेतली. वाटाड्यानं तुमचा दंड धरला होता आणि तुम्ही दारू प्यायल्यासारखे झोकांड्या खात उतरत होतात. उंची तुम्हाला लागली, बाबा. मी धडधाकट होते. दोघांचं ओझं घेऊन उतरले.

आणि मग आपलं ग्लासगोचं स्वयंपाकघर. आईनं पुऱ्या केल्यात. मी पहिला घास तोंडात घालतेय. ती विचारते, "काय हो, शिंगं कुठायत?" तुम्ही ताटातून मान वर न करता म्हणता, "हिला उंची लागली. उतरावं लागलं." एवढंच.  आई माझ्या कपाळाला हात लावते आणि म्हणते, "अगं बाई! मग आधी नाही का सांगायचं?" त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. तुम्ही एकदा तरी माझ्याकडे बघाल म्हणून थांबले. तुम्ही लोणचं मागितलंत.

चोर सोडून संन्याशाला फाशी! पुढं ती गोष्ट मंडळाच्या दिवाळीत, हळदीकुंकवात, सगळीकडे झाली. कोणाच्या घरी वरच्या मजल्यावर जायचं असलं की काका लोक हसायचे, "तुला चालेल ना गं, का उंची लागेल?" तुम्ही समोर बसून चहा प्यायचात. पुन्हा कधी मोठ्या डोंगरावर गेला नाहीत, दोन वर्षांनी रायफल विकलीत, आणि आईनं मनाशी गाठ बांधली की पोरीपायी बापाची हौस गेली. नऊ वर्षांनी तुम्ही तुमच्याच हॉस्पिटलमध्ये शेवटचे आजारी होतात. मी ब्रॅकनेलहून ट्रेननं आले, चार दिवस तुमच्या उशाशी बसले. आपण हॉस्पिटलच्या पार्किंगबद्दल बोललो. मला वाटत होतं, आता म्हणतील, आता म्हणतील. शेवटी तुम्ही "तू दमलीस, घरी जा" म्हणालात आणि मी गेले.

इथवर आले आणि फॉर्म ओढून "नाही"च्या चौकोनात ठसठशीत फुली मारली. पेन कागदाच्या आरपार गेलं. मग रविवारची तयारी म्हणून पहिल्यापासून मोठ्यानं वाचायला लागले. आईच्या जागी खुर्ची ठेवली होती. सगळं वाचता आलं. तुम्ही दगडांच्या उतारावर बसलात तिथे आवाज अडला. पुन्हा वाचलं, पुन्हा तिथेच. कारण तिथे मी एक गाळलंय.

तुम्ही नुसते बसला नव्हतात. तुम्ही माझ्याकडे हात केलात आणि म्हणालात, "पाणी दे गं." बाटली माझ्या सॅकच्या बाजूला होती, एका हाताच्या अंतरावर. आणि मी म्हटलं, "वर गेल्यावर." अगदी तुमच्या आवाजात म्हटलं, बाबा. मला ते म्हणताना गोड लागलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, हात खाली घेतलात आणि परत मागितलं नाहीत. तेवढ्या पाण्यानं तुम्ही बरे झाला असतात असं कुठलाही डॉक्टर म्हणणार नाही, मी विचारून बघितलंय, वेगवेगळ्या डॉक्टरांना, दुसऱ्याच कोणाची गोष्ट म्हणून. पुढं तुम्ही ओकलात तेव्हा मी घाबरून बाटली तुमच्या तोंडाला लावली, पण तेव्हा तुम्हाला घोट गिळता येत नव्हता. आणि उतरताना, वाटाड्या तुम्हाला एका खडकाला टेकवून दोर काढत असताना, मी मागे वळून ते पाणी दगडांत ओतून टाकलं. सगळं. तळावर कोणी बाटली हातात घेतलीच, तर ती रिकामी लागावी म्हणून. झाकण लावून वळले तर तुमचे डोळे उघडे होते.

त्यानंतर पाच दिवसांनी तुम्ही आईला सांगितलंत की हिला उंची लागली. पाण्याचं तुम्ही कधी कोणाला सांगितलं नाहीत. का, ते मला ठाऊक नाही, आणि तुमचा राग अजूनही येतो. पण हे पत्र आता आईला वाचून दाखवता येणार नाही. रविवारी जाईन. ती विचारेल, काय लिहिलंस फॉर्मवर? मी म्हणेन, तू सांगितलंस तेच.