बर्फाच्या कारखान्याची मालकी कुणाकडे जावी

मी, पारूबाई आकाराम चौगुले, वय एकाहत्तर, राहणार उचगाव, कोल्हापूर, वकिलांच्या समोर बसून हे मृत्युपत्र सांगते आहे आणि त्या ते लिहून घेत आहेत. माझे गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. याआधीच्या मृत्युपत्रात मी सगळे माझा एकुलता एक मुलगा विश्वजित याच्या नावे केले होते. ते मी रद्द करते. कारण खाली येईलच.

१. राहते घर विश्वजितला द्यावे. सून प्रीती हिला त्या घरात हयातभर राहण्याचा हक्क राहील. दोघांचे पटो अगर न पटो, तिला तिथून कुणी उठवू नये.

२. सोन्याच्या पाटल्या कुणाला द्याव्यात हा प्रश्न उरलेला नाही. दंड भरण्यासाठी त्या मोडल्या.

३. बर्फाचा कारखाना. हा मला माझ्या यजमानांनी त्यांच्या मृत्युपत्राने दिला, त्यावर माझा एकटीचा अधिकार आहे. ते गेले त्या उन्हाळ्यात काँप्रेसर बंद पडला आणि दुरुस्तीला हातात काही नव्हते. तेव्हा मासे विकणाऱ्या बायकांनी बर्फाचे पैसे आगाऊ आणून दिले. आधी मी मागितले नव्हते, नंतर त्यांनी बोलून दाखवले नाही. कारखाना त्यावर उभा राहिला.

पुढे विजयसिंह इंगवले माझ्याकडे आले. त्यांचाही बर्फाचा कारखाना. यजमानांचे मित्र, आणि मी दर भाऊबीजेला त्यांना ओवाळत असे. म्हणाले, "आक्का, आमी चौघं एक झालोय. पाची कारखान्यांचा एकच दर ठेवू. एकमेकाचं गिऱ्हाईक फोडायचं न्हाय. कुणाचंच नुकसान न्हाय की."

मी म्हटले, "गिऱ्हाइकाचं हाय की, दादा."

चहा पिऊन गेले. मला वाटले, विषय संपला.

त्यानंतर गुडघ्यांमुळे मी घरी बसले आणि कारखान्याचा गल्ला विश्वजितकडे गेला. बर्फाच्या लादीचा दर वाढला तेव्हा तो म्हणाला, विजेचे बिल वाढले. परत वाढला, म्हणाला बर्फ गोठवायचा अमोनिया महागला. माझ्या मुलाचे मी खरे मानले. मग एक दिवस चिमणाबाई भोई, आगाऊ पैसे देणाऱ्यांतली, माशांची पाटी घेऊन थेट घरी आली. आत आली नाही. उंबऱ्याबाहेरून म्हणाली, "व्हय वो मालकीणबाई, तुमीबी त्यांच्यातच गेलासा? पाची ठिकाणी त्योच दर. तिकडं गेलं तर म्हणत्यात, तू चौगुल्यांचं गिऱ्हाईक, आमी बर्फ देणार न्हाय. आमी जायाचं कुठं?"

 विश्वजितला विचारले तर तो हसला. "आई, धंदा असाच चालतोय." मी नको म्हटलेल्या त्या दर ठरवण्याच्या बैठकांना तो माझ्या कारखान्याच्या नावाने बसत होता. त्याच दिवशी रिक्षाने कारखान्यात जाऊन मी दर खाली आणला. पण तोवर मासेवाल्यांनी आणि रसाच्या गाडेवाल्यांनी मिळून दिल्लीला स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली होती. योग्य केले. एकाच मालाच्या विक्रेत्यांनी आपसांत दर ठरवणे आणि गिऱ्हाइके वाटून घेणे कायद्याला मान्य नाही, हे मला नोटीस आल्यावर कळले. वाईट आहे हे आधीही कळत होते.

त्या कायद्यात आणखी एक सोय आहे. जो आधी जाऊन सगळे कबूल करील आणि पुरावा देईल, त्याला दंड माफ होऊ शकतो. पहिले गेले विजयसिंह. ज्यांनी सगळ्यांना गोळा केले, तेच सगळ्यांची नावे देऊन सुटले. त्याचेही मला इतके लागले नाही.

विश्वजितने आपल्या जबाबात सांगितले, "दर आई ठरवायची. मी तिच्या सांगण्यावरून बैठकीला जात होतो." हे मला प्रीतीने सांगितले. माझ्या देखत तिने त्याला विचारले, "आईंचं नाव का घातलंसा?"

तो माझ्याकडे बघून बोलला, "तू म्हातारी हायस, तुला कोण काय करतंय? माझ्यावर आलं तर माझं पुढचं सगळं बुडंल."

लहानपणी गोवर आला तेव्हा ज्याला मांडीवर घेऊन मी बसून राहिले होते, ते पोर हे बोलत होते. मी जेवणाचे ताट सारले आणि उठले.

मी आयोगाला खरे ते लेखी दिले: बैठकांना मी कधी नव्हते, पण कारखाना माझा आहे, त्याचा दंड मी भरीन. दंड कारखान्याला झाला, विश्वजितलाही वेगळा झाला. दोन्ही मी भरले.

म्हणून कारखाना, जागा आणि यंत्रांसह, मी प्रीतीला देते. दर तिने आपला खर्च बघून स्वतः ठरवावा, दुसऱ्या कारखानदाराला विचारून नव्हे. विश्वजितला तिथे काम करायचे असल्यास तिने पगारावर ठेवावे. गल्ल्यावर बसवू नये.

४. यजमानांच्या पान्ह्यांचा संच मशीन सांभाळणारे केरबा यांना द्यावा. निम्मे पान्हे तसेही त्यांच्याच घरी आहेत.

५. विजयसिंह मयताला आले तर त्यांना पाणी द्यावे. खांदा देऊ देऊ नये.

६. अग्नी विश्वजितने द्यावा. तो हक्क मी काढून घेतलेला नाही.

या सगळ्याची अंमलबजावणी माझ्या वकील निशिगंधा माने यांनी करावी.

हे मला वाचून दाखवले, ते बरोबर आहे. माझ्यावर कुणाचा दबाव आहे का, असे वकिलांनी विचारले. नाही. मला इथे विश्वजितनेच गाडीतून आणले. जिना चढताना हात धरला, आणि आता खाली उभा आहे. कसले कागद आहेत हे त्याने विचारले नाही. आपल्याच नावाचे असणार असे त्याने धरले आहे. सही झाली की मी त्याच्याच गाडीतून घरी जाणार आहे, आणि वाटेत त्याला काही सांगणार नाही.

सही: पारूबाई आकाराम चौगुले

आमच्या समक्ष सही केली, आम्हीही त्यांच्या समक्ष सह्या केल्या:
१. डॉ. संग्राम यादव
२. दादासो खाडे, शेजारी

कोल्हापूर, १४ ऑक्टोबर २०२५