रिनाच्या आईचा आवाज

४ ऑगस्ट २०२५, गडचिरोली
आजपासून मी मुलींच्या वसतिगृहाची कॉम्प्युटर को-ऑर्डिनेटर! बीएस्सीच्या दुसऱ्याच वर्षाला आहे, तरी वॉर्डन सोनीबाई सगळ्यांसमोर मला ‘चंचल मॅडम’ म्हणाल्या. जिन्याखालची खोली मिळाली. दुपारपर्यंत नऊ मोबाइलांना वायफाय जोडून दिलं, एका लॅपटॉपच्या कीबोर्डमधून मुंग्या काढल्या. गोंडपिपरीला आईला फोन केला. ती इतकी हसली की शेजारीण विचारायला आली.

११ ऑगस्ट
भामरागडकडची रिना बंद पडलेला लॅपटॉप घेऊन आली. तिची आई मागच्या वर्षी वारली. आईनं गायलेली गोंडी गाणी फक्त त्यातच आहेत. म्हणाली, “ताई, मशीन गेली तं गेली, आईचा आवाज जाऊ देऊ नोका.” मी म्हटलं, काळजी करू नको.

१२ ऑगस्ट
परीक्षेचे फॉर्म भरायला दारात बारा-पंधरा मुली. त्या गडबडीत गाण्यांची कॉपी न काढताच मी रिनाचा लॅपटॉप फॉरमॅट केला. मग तासभर काय काय करून पाहिलं. काही परत आलं नाही.
रिनाला सांगितलं, हार्डडिस्क आधीच गेली होती. तिनं लॅपटॉप ओढणीत गुंडाळला. मग म्हणाली, “तुमचा काय दोष, ताई.” माझ्यासाठी आणलेले दोन भुट्टे टेबलावर ठेवून गेली. खाववले नाहीत.

१८ ऑगस्ट
भर दुपारी माझ्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर एक फाइल दिसली. नाव नाही. लावली तर एक बाई गोंडीत गात होती, मागे कोंबड्या. मधेच तिनं “रिना” अशी हाक मारली. रिनाचा लॅपटॉप या मशीनला मी कधी जोडलाच नव्हता.
फाइल रिनाला द्यायला हवी होती. पण मग माझं खोटं उघडं पडलं असतं. पुसून टाकली.
संध्याकाळी फोनवर माझ्या आईचा घसा बसलेला.

१९ ऑगस्ट
फाइल परत आली. गाणं मधेच थांबलं. रिना सांगायची, तिच्या आईला मराठीचा एक शब्दही येत नव्हता. आणि ती गाणारी बाई मराठीत म्हणाली, “चंचल, पुसलं काऊन?”
तरी पुसलं.
लगेच भावाचा, गोपालचा फोन. “आईचा आवाजच गेला. डॉक्टर म्हणते, घसा चांगला आहे.”

२० ऑगस्ट, सकाळ
व्हिडिओ कॉल केला. आईचे ओठ हलतात. मला हसवायला बघते — मीच तिचा आवाज —
फाइल आली आहे. आता नाही पुसणार. रिनाला सगळं सांगणार.

दुपार
रिनाला समोर बसवलं. तोंड उघडलं — आवाज नाही. माझाही नाही.
गाणं आपोआप सुरू झालं. रिना रडते आहे. तिला वाटतं, मी शोधून काढलं. खाली वाकली — माझे पाय धरते आहे —
नको. वही तिच्यापुढे सरकवून लिहिते आहे: रिना, हे वाच. तुझ्या आईचा आवाज मीच —